सॉल्सबरी कॅथेड्रलचा मनोरा: ३३२ पायऱ्या नीट चढायच्या तर

इंग्लंडमध्ये लेकाकडे-लेकीकडे आलेले आईवडील, सुट्टीवर निघालेली मित्रमंडळी, नोकरीसाठी नुकतेच इथे आलेले तरुण, असे आपले बरेच लोक दक्षिण इंग्लंडमधल्या सॉल्सबरीला तिथलं कॅथेड्रल, म्हणजे मोठं जुनं चर्च, पाहायला जातात. मनोऱ्याची फेरी मात्र पुष्कळांची चुकते. कोणी आयत्या वेळी पोहोचतं आणि जागा शिल्लक नसते. कोणी चपला घालून येतं. कोणी जवळचं स्टोनहेंज, म्हणजे प्राचीन दगडी वर्तुळ, आटोपून धावतपळत येतं, तोवर गट वर गेलेला असतो. जे वर जाऊन येतात, त्यांतलेही कित्येक जण एवढंच सांगतात की वरून गाव फार छान दिसतं.

गाव कुठल्याही टेकडीवरून छान दिसतं. इथे पाहायचं ते वेगळं आहे. चौदाव्या शतकात एका तयार इमारतीच्या डोक्यावर साधारण साडेसहा हजार टन दगड नव्याने चढवला गेला. एवढं ओझं येईल या हिशोबाने खालचे खांब उभारलेलेच नव्हते. ते ओझं कुठे गेलं, कोणी पेललं, त्यासाठी काय काय आवळावं लागलं, हे मनोऱ्याच्या पोटातून चढताना दिसतं. पण त्यासाठी दिवसाचा क्रम नीट लावावा लागतो. मी दक्षिण इंग्लंडमध्ये राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन या फेरीला अनेकदा गेलो आहे. त्यातून बसत गेलेला क्रम पुढे देतो.

१. वर कोण जाणार, खाली कोण थांबणार, हे घरीच ठरवा

आपण गड चढणारी माणसं. सिंहगडाची सवय असलेल्याला ३३२ पायऱ्या म्हणजे काहीच वाटत नाहीत, आणि पहिली चूक इथेच होते. गडावर दम लागला की कडेला बसता येतं, मागच्याला पुढे सोडता येतं, अगदीच नको वाटलं तर अर्ध्या वाटेतून परत फिरता येतं. इथल्या चक्री जिन्यात ती सोय नाही. जिना एका माणसापुरता, पुढे कोणीतरी, मागे कोणीतरी, दोन्ही बाजूंना दगड. विजापूरच्या गोल घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून चढला असाल तर अशा जिन्याची थोडी कल्पना येईल.

चढण टप्प्याटप्प्याची आहे आणि प्रत्येक टप्प्यावर गाइड थांबून माहिती देतात. त्यामुळे दम खायला वेळ मिळतो. दमापेक्षा जास्त त्रास होतो तो बंद जागेचा आणि उंचीचा. माझ्या एका मावशीला बंद जागेची भीती वाटते हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पहिल्या जिन्याच्या चौथ्या-पाचव्या वळणावर तिचे हात गार पडले. पहिल्या सज्जावर पोहोचताच आम्ही गाइडला सांगितलं आणि तिला व्यवस्थित खाली नेण्यात आलं. तिथेच न बोलता ती आणखी वर गेली असती, तर परतणं फार अवघड झालं असतं.

हृदयविकार, दमा, चक्कर येण्याचा त्रास, दुखरे गुडघे किंवा गरोदरपण असेल त्यांनी खालीच थांबावं. लहान मुलांसाठी अटी असतात, त्या तिकीट काढतानाच वाचा. मूल कडेवर घेऊन चढता येत नाही.

चाचणी: घराजवळच्या एखाद्या इमारतीचे चार मजले न थांबता चढा. वर पोहोचल्यावर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर मनोऱ्याला हरकत नाही.

खाली थांबणाऱ्यांना वाट बघत बसवू नका. मुख्य इमारत दाखवणारे स्वयंसेवक गाइड खाली असतात, त्यांच्याबरोबर त्यांची फेरी होऊ शकते. भेटायची जागा मात्र आधी ठरवा. उत्तरेकडच्या बाजूच्या दालनात जुनं लोखंडी घड्याळ आहे, ते चुकत नाही. फोनवर भरवसा ठेवू नका, कारण आत बहुतेकांचे फोन बंद किंवा मुके केलेले असतात.

२. तिकीट आणि तारीख

मनोऱ्याच्या फेरीला ठरावीक वेळ असते, गट लहान असतो आणि तिचं तिकीट नुसत्या प्रवेशाच्या तिकिटाहून वेगळं असतं. नुसता प्रवेश घेऊन आत गेलात आणि तिथे मनोऱ्याचं विचारलंत, तर सुट्टीच्या दिवसांत बहुधा नकारच मिळेल. कॅथेड्रलच्या संकेतस्थळावरून आधीच आरक्षण करा.

तारीख निवडताना आपल्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांतली घेऊ नका. जोराचा वारा, वादळ किंवा बर्फ असेल तर बाहेरचा सज्जा बंद ठेवतात, कधी फेरीच रद्द होते. मुक्कामाच्या सुरुवातीची तारीख घेतली तर दुसऱ्यांदा प्रयत्न करायला जागा राहते. हे चालू प्रार्थनास्थळ आहे, त्यामुळे मोठे समारंभ असले की काही भाग बंद असतात. आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी संकेतस्थळावरच्या सूचना पाहा.

सावध: स्टोनहेंज इथून साधारण १५ किलोमीटरवर आहे, म्हणून दोन्ही एका दिवसात सहज होईल असं वाटतं. त्यात बाथ हे शहरही घालणारे लोक मी पाहिले आहेत. लंडनहून निघणाऱ्या ज्या बससहलीत सॉल्सबरीला तास-दीड तासच थांबा असतो, तिच्यात मनोरा बसतच नाही. मनोऱ्यालाच दीड ते पावणेदोन तास लागतात, आणि खालची इमारत घाईत बघण्यासारखी नाही. दोन्ही करायचंच असेल तर सकाळचा पहिला मनोरा घ्या आणि स्टोनहेंज दुपारी ठेवा. उलट क्रमात स्टोनहेंजची परतीची बस थोडी जरी उशिरा आली, तरी मनोरा हातचा जातो.

३. तिथवर पोहोचणं

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून थेट गाड्या आहेत, दीड तासाच्या आसपास लागतो. पुण्याच्या सॅलिसबरी पार्कमुळे आपल्या कानात 'सॅलिसबरी' बसलेलं असतं. गाडीतल्या घोषणेत उच्चार 'सॉल्झबरी' असा येतो, तेव्हा त्यावर कान ठेवा.

स्थानकापासून कॅथेड्रल चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. फेरीच्या वेळेआधी निदान पाऊण तास आवारात असाल अशी गाडी धरा, आणि ती चुकली तरी पुढची चालेल एवढी सवड ठेवा. रविवारी रुळांच्या कामांमुळे वेळापत्रक बदलतं, त्यामुळे रविवारची फेरी असेल तर जास्तच. मोठ्या बॅगा आणूच नका. त्या ठेवायची सोय होईल हे गृहीत धरू नका, आणि त्या घेऊन जिन्यात शिरता येत नाही.

४. अंगावर काय, हातात काय

पायांत मागून बंद असलेले, सपाट, पकड घेणारे बूट हवेत. चपला, सँडल, टाचांचे जोड चालत नाहीत. आपल्या बायकांसाठी एक आवर्जून सांगतो: साडी किंवा पायघोळ कुर्ता नको. वळत्या जिन्यात उंच पायरी चढताना निऱ्या स्वतःच्याच पायाखाली येतात, आणि उतरताना तर फार धोका असतो. ओढणी, शाल, मफलर जॅकेटच्या आत खोचून घ्या.

उन्हाळ्यातही वर वारा गार असतो, छताच्या पोकळीतली हवा वेगळी असते, आणि जिन्यात घाम येतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. दोन्ही हात मोकळे पाहिजेत. कॅमेरा गळ्यात आखूड पट्ट्याने अडकवा, फोनला दोरी असली तर उत्तम, चश्मा सैल असेल तर त्यालाही दोरी लावा. पाण्याची छोटी बाटली खिशात मावली तर घ्या.

तपासा: वर स्वच्छतागृह नाही. फेरी सुरू होण्याआधी सगळ्यांनी जाऊन या, मुलांनी "नाही लागली" म्हटलं तरी.

आत बूट काढायचे नसतात. पुरुषांनी टोपी काढावी.

५. चढण्याआधीची पंधरा मिनिटं

माझ्या मते साऱ्या दिवसात सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि नेमका हाच सगळे वगळतात.

आत शिरल्यावर घड्याळ, काचचित्रं, थडगी यांत गुंतू नका. सरळ पुढे जाऊन इमारतीचे दोन बाहू जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकात उभे राहा. बरोबर डोक्यावर मनोरा आणि त्यावरचा सुळका आहे. टोकापर्यंतची उंची १२३ मीटर, ब्रिटनमधल्या चर्चच्या सुळक्यांत सर्वांत जास्त. आता ही तीन कामं करा.

पहिलं, चौकाच्या चार कोपऱ्यांतले मोठे खांब एकेक करून पाहा. खांबाच्या अगदी जवळ जाऊन, भिंतीला गाल टेकवल्यासारखं उभं राहून वर नजर लावा. खांब सरळ नाही, त्याला बाक आला आहे. गर्द रंगाच्या पर्बेक दगडाच्या सडपातळ दांड्यांवर तो बाक स्पष्ट दिसतो. लांबून उभे राहिलात तर मुळीच कळत नाही.

दुसरं, जमिनीवर पाहा. वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी १६६८ मध्ये या इमारतीची पाहणी केली, तेव्हा सुळका किती कलला आहे हेही मोजलं गेलं. टोकातून ओळंबा सोडला तर तो जमिनीवर कुठे पडेल, त्याची खूण फरशीत आहे. चौकाच्या मध्यापासून ती नैऋत्येकडे सरकलेली आहे, ७० ते ७५ सेंटिमीटरने. या खुणेवर उभं राहून वर पाहा, मग मध्यावर येऊन पाहा.

तिसरं, पाया किती खोल असेल याचा मनात अंदाज करा. खरा आकडा साधारण सव्वा मीटर आहे. खाली खडी आहे आणि त्या खडीत पाणी. फरशीतला एक छोटा दगड उचलून काठी घालून पाण्याची पातळी बघण्याची पद्धत इथे आहे. गाइडला विचारलंत तर जागा दाखवतील.

एवढं पाहून वर गेलात, की वरच्या प्रत्येक लोखंडी पट्टीचा अर्थ लागतो. हे न पाहता गेलात, तर त्या पट्ट्या म्हणजे नुसतं जुनं लोखंड.

तपासा: फेरीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं ठरलेल्या जागी हजर. गट एकत्र चढतो, मधली दारं मागे बंद होत जातात, त्यामुळे उशिरा आलेल्याला मागून सोडत नाहीत.

६. चढण, एकेक टप्पा

पहिला जिना आणि पश्चिमेचा सज्जा. चढताना पायरीच्या रुंद बाजूने, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडून चाला. आतल्या खांबाजवळ पायरी निमुळती होते आणि पाऊल अर्धं हवेत राहतं. पुढच्या माणसात आणि तुमच्यात तीन-चार पायऱ्यांचं अंतर ठेवा. तो अचानक थांबला तर तुम्ही त्याच्यावर आदळणार नाही. जिन्यात फोटो काढायला थांबू नका.

वर आलात की मुख्य दालनाची पूर्ण लांबी एका नजरेत येते. इथे दोन मिनिटं श्वास घ्या आणि स्वतःला विचारा: पुढे जायचं ना? छातीत धडधड थांबत नसेल, भिंती अंगावर येत असतील, तर आत्ताच गाइडला सांगा.

छताच्या पाठीवरून. खालून जे रेखीव कमानदार छत दिसतं, त्याची पालथी बाजू इथे पायांखाली असते: ओबडधोबड, कासवाच्या पाठींसारखे उंचवटे एकामागोमाग एक. त्यांच्यावरून लाकडी वाट जाते. वर मोठमोठ्या तुळयांचं छप्पर आहे आणि त्यावर शिसाचे पत्रे. वाट सोडून उंचवट्यावर पाय ठेवू नका. तुमच्या खाली पंचवीस मीटरवर लोक चालत आहेत. डोकंही सांभाळा. उंच माणसाचं कपाळ तुळईवर आपटलेलं मी पाहिलं आहे. गाइडच्या मागे रांगेत राहण्याच्या घाईत लोक इथे फक्त पायांकडे बघतात. एकदा थांबून तुळयांचे सांधे पाहा, त्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या दिसतील.

मनोऱ्याच्या आत. इथून खरी गोष्ट सुरू होते. मनोऱ्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला फाकू नयेत म्हणून त्या लोखंडाने आवळून ठेवल्या आहेत. काही लोखंड मनोऱ्याच्या काळातलं, काही नंतरच्या दुरुस्त्यांचं. पिंपाला कडी घालतात तशी ही रचना आहे. मघाशी खाली पाहिलेला खांबाचा बाक आठवा आणि गाइडला विचारा, यातलं जुनं कुठलं, नंतरचं कुठलं. हा प्रश्न विचारला की गाइड खुलतात, असा माझा अनुभव आहे.

पुढे घड्याळाची यंत्रणा आणि घंटा येतात. गाइड आवाजाची सूचना देतील, ती मनावर घ्या. श्रवणयंत्र असेल तर आवाज कमी करा, मुलांना कानांवर हात ठेवायला सांगा. जवळून ऐकलेला घंटेचा ठोका छातीत जाणवतो, आणि बेसावध माणूस जिन्यात दचकला तर पाय सुटतो.

सुळक्याचा तळ. वर मान करा. सुळका आतून पोकळ आहे आणि त्यात मध्ययुगातली लाकडी परांची अजून उभी आहे. आपल्याकडे बांधकाम झालं की परांची उतरवतात, इथे ती आतच राहिली. दगड वर ओढायचा रहाटही इथे आहे. आत चालून फिरवायचं मोठं लाकडी चाक ते. सुळक्याची भिंत वर जाताना जेमतेम वीस सेंटिमीटर जाड राहते, हे कळल्यावर त्या लाकडांकडे नीट बघावंसं वाटतं. घाई करून बाहेर सज्जावर पळू नका. बाहेरचं दृश्य तुम्हाला सगळीकडे मिळेल, ही परांची दुसरीकडे मिळणार नाही. इथून वरची वाट फक्त दुरुस्ती करणाऱ्यांची.

बाहेरचा सज्जा. जमिनीपासून जवळजवळ ७० मीटर. लहान दारातून वाकून बाहेर यायचं असतं. बाहेर पाऊल टाकण्याआधी टोपी काढून खिशात घाला, फोनची दोरी मनगटात अडकवा. कठड्यावर काहीही ठेवू नका, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. खाली माणसं आहेत.

उत्तरेकडे गावाच्या पलीकडे एक गोल, मातीचे तट असलेली टेकडी दिसते. ते जुनं सॅरम. पहिलं कॅथेड्रल तिथे होतं. तिथून हलून या सपाट, ओलसर जागेवर १२२० मध्ये नवी पायाभरणी झाली. पश्चिमेला आणि दक्षिणेला नदीकाठची कुरणं आहेत. खडीत पाणी का, ते इथून डोळ्यांना दिसतं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बहिरी ससाणे मनोऱ्यावर घरटं करतात. तुम्ही गेलात तेव्हा पिल्लं असली तर त्या बाजूला आवाज न करता उभे राहा, आणि गाइड जिथवर नेतील तिथवरच जा.

सावध: उंचीची भीती वाटणाऱ्यांनी दारातून बाहेर येताच पाठ भिंतीला टेकवावी आणि आधी दूरवर, क्षितिजाकडे बघावं. खाली वाकून बघितलं की पाय लटपटतात. बाहेर यायलाच नको वाटलं तर आत थांबा, कोणी जबरदस्ती करत नाही.

७. उतरताना

पडण्याचा धोका चढण्यापेक्षा इथे जास्त. सलग गोल फिरत उतरल्याने डोकं गरगरतं. पाऊल किंचित आडवं टाका, एक हात दांड्यावर किंवा दोरावर, एक भिंतीवर, आणि नजर दोन पायऱ्या पुढे. बोलणं बंद. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी रांगेत शेवटी राहावं, म्हणजे मागून कोणाची घाई लागत नाही. खाली आलात की पाच मिनिटं बसा. पोटऱ्या थरथरतात, ते थोड्या वेळात ओसरतं.

८. आता खालची इमारत

बसून झालं की पुन्हा एकदा चौकात जा. तेच खांब, तोच बाक. आता वर काय आहे ते पाहिलेलं असतं, त्यामुळे हा बाक सकाळसारखा दिसत नाही. माझ्या एका पुतण्याने या वेळी आपणहून खांबाला हात लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

घड्याळ १३८६ चं मानतात. त्याला तबकडी आणि काटे नाहीत, म्हणून कित्येक जण समोरून जाऊनही ते ओळखत नाहीत. लोखंडी चौकट, दात्यांची चाकं आणि दोरांना लटकलेले दगड शोधा. हे घड्याळ तास वाजवण्यासाठी होतं, दाखवण्यासाठी नाही.

मुख्य दालनातलं २००८ चं बाप्तिस्मापात्र पाण्याने काठोकाठ भरलेलं असतं. पाणी इतकं स्थिर की ते काळ्या काचेच्या मेजासारखं दिसतं. त्यावर पर्स किंवा फोन ठेवायला जाऊ नका. छताचं प्रतिबिंब टिपायचं असेल तर कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा, हात काठावर टेकवू नका.

नंतर ओवऱ्यांमधून अष्टकोनी सभागृहात जा. तिथे १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक आहे. चामड्याचा एकच ताव, लॅटिन मजकूर, अक्षरं बारीक आणि ओळी दाट. तो ताव जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला असतो. दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात आणि ओळी उमटू लागतात. लोक आत येतात, काही दिसत नाही म्हणून लगेच निघतात. तिथे फोटो काढायचा नाही असंच धरून चला. बाहेर पडण्याआधी भिंतीवरची कोरीव पट्टी पाहा, तिच्यात बायबलच्या जुन्या करारातल्या कथा आहेत.

तपासा: सभागृह बंद व्हायची वेळ मुख्य इमारतीपेक्षा वेगळी असू शकते. सकाळी आत शिरतानाच विचारून ठेवा.

९. संध्याकाळची प्रार्थना

वेळ असेल तर थांबा. बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास गायनासह प्रार्थना होते, नेमकी वेळ दाराशी लिहिलेली असते. तिला तिकीट लागत नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता येतं. दहा-पंधरा मिनिटं आधी जा, सेवेकरी बसवतील तिथे बसा. बाकीचे उठले की उठा, बसले की बसा. म्हणायला येत नसलं तर गप्प राहिलेलं चालतं. फोन पूर्ण बंद ठेवा. मध्येच उठून जाता येत नाही, म्हणून परतीची गाडी सातनंतरची घ्या आणि लहान मुलं कंटाळली असतील तर आत जाऊच नका.

बाहेर आलात की दक्षिणेऐवजी उत्तरेच्या हिरवळीवर या. स्थानकाची वाटही त्याच बाजूला आहे. सुळका जिथून सुरू होतो तिथे लहान लहान दारं दिसतील. त्यांतल्याच एका दारातून तुम्ही सकाळी वाकून बाहेर आला होतात. घरच्यांना दाखवायचा फोटो इथून काढा, म्हणजे ते दार आणि सगळा सुळका एका चौकटीत मावतो.